आमची वाटचाल : कवडी कापसापासून समुद्राच्या तवंगापर्यंत

हिंगणघाटपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात बाबांचं पिंजाईचं मशीन होतं. गाद्या, रजया, उशा. लग्नसराईत दिवसरात्र काम आणि पावसाळ्यात शटर खाली. बाबांनंतर मी आणि सौ. तेच चालवत होतो.

२०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. त्या हंगामात आमच्या भागात घरोघरी कवडीचे ढीग लागले. कवडी म्हणजे अळीने पोखरलेल्या, पुरतं न पिकलेल्या बोंडातला पिवळट कापूस. जिनिंगवाले त्याला भाव देत नाहीत, आणि गादीत भरला तर वर्षभरात गठुळ्या होतात. ओळखीचे शेतकरी आमच्या दारात गाडी उभी करून म्हणत, “भाऊ, काही तरी करा, नाही तं पेटवूनच द्या लागते.”

भाचा तेव्हा नागपूरला टेक्स्टाइल शिकत होता. त्याने सांगितलं की अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार यांच्या चमूने २०१३ मध्ये न धुतलेल्या, कमी प्रतीच्या कापसाला कच्चं तेल पाजून पाहिलंय, आणि तो आपल्या वजनाच्या तीसपटीहून जास्त तेल धरतो. अपरिपक्व तंतू बारीक असतो, म्हणून त्याला तेल उलट जास्त चिकटतं. मी ते दोनदा वाचायला लावलं. जो कापूस आम्ही टाकाऊ म्हणत होतो, तोच या कामाला अव्वल!

पहिली चूक मात्र आम्हीच केली. पिवळा माल कोण घेणार म्हणून सौ.ने कवडी सोडा घालून उकळली, पांढरीशुभ्र केली, आणि आम्ही तिचे पॅड शिवले. बादलीत पाणी घेतलं, दोन मुठी मीठ टाकलं, वर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतलं आणि पॅड सोडला. दोन मिनिटांत पॅड पाणी पिऊन तळाशी, तेल वर तसंच. मग रागाने न धुतलेल्या कवडीचा मूठभर पुंजका टाकला. तो तरंगत राहिला आणि काळं तेल त्याच्यात कडेकडेने चढताना डोळ्यांनी दिसलं. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा थर असतो, वजनाच्या जेमतेम एक टक्का. तो पाण्याला आत शिरू देत नाही, तेलाला मात्र धरून ठेवतो. आम्ही नेमका तोच उकळून काढला होता. तेव्हापासून आमच्याकडे कापूस धुणं बंद.

२०१८ मध्ये गॅरेज आणि वर्कशॉपवाल्यांना पॅड देऊ लागलो. आजही धंदा मुख्यतः त्यांच्यावरच चालतो. पण मन समुद्राकडे होतं. एका बंदरातल्या सफाई ठेकेदाराने नमुना मागवला आणि आठवड्याने फोन केला, “तुमचा पॅड तेल पीत नाही, नुसता माखतो.” मला फार लागलं ते. आमच्या बादलीत तर चालत होता!

उत्तर मिळालं मुंबईत. समुद्रात सांडलेल्या तेलाच्या सफाईचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, फी भरून आम्ही दोघं गेलो. समुद्र पाहिला तो तेव्हाच, वयाच्या चाळिशीत. शिकवणाऱ्या बाई सागरी शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी सांगितलं की पाण्यावर पडलेलं तेल तासागणिक बदलतं. हलका भाग उडून जातो, उरलेल्यात लाटा पाणी घुसळतात, आणि त्याचा घट्ट, तपकिरी लोण्यासारखा गोळा होतो. २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किनाऱ्याला असंच जाड तेल लागलं आणि लोकांना ते बादल्यांनी उपसावं लागलं. तिथे कापसाचा तंतू काय करणार? पॅडचं काम पातळ तेलावर, पहिल्या काही तासांत.

मग पुढचा प्रश्न आलाच : त्या काही तासांत पॅड कुठे न्यायचा? तेल प्रवाहासोबत वाहतं, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्क्यांनी वाऱ्याच्या दिशेला सरकतं. वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर नुसत्या वाऱ्यानेच दिवसभरात जवळपास २९ किलोमीटर. हा हिशेब हैदराबादचं इनकॉइस हे सरकारी महासागर माहिती केंद्र करतं : तेल कुठे, कधी, किती सांडलं हे कळवलं की ते पुढे कुठे जाईल याचा अंदाज देतं. उपग्रहाच्या रडारला तवंग काळा दिसतो, कारण तेलाने बारीक लहरी दबतात. आणि हिशेब उलटा चालवला तर किनाऱ्याला लागलेलं तेल कुठून आलं असेल याचाही माग काढता येतो. चोरून तेल सोडणाऱ्या जहाजाला जरब बसायची तर मला हा उलटा हिशेबच सर्वांत मोलाचा वाटतो.

२०२० च्या ऑगस्टमध्ये मॉरिशसला ‘वाकाशिओ’ जहाजातून सुमारे हजार टन तेल गळलं. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबलचक तरंगते अडसर शिवले. टीव्हीवर ते पाहून आम्ही त्याच आठवड्यात जाळीच्या नळीत कवडी भरून पहिला बूम, म्हणजे तसाच तरंगता अडसर, शिवला.

त्याची खरी परीक्षा मात्र समुद्रावर झाली नाही. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्याच शिवारात डिझेलचा टँकर उलटला आणि डिझेल नाल्यात उतरलं. खाली दोन गावांच्या विहिरी. पोरांनी बूम नाल्यात आडवा, सरळ बांधला. पाणी जोरात होतं, डिझेल बूमखालून निसटून पुढे तसंच चमकत होतं. मला बाईंचे शब्द आठवले : बूमवर काटकोनात येणारी धार सेकंदाला ३५ सेंटीमीटरच्या वर गेली की तेल खालून जातं. पळसाचं पान सोडून मोजलं, दहा मीटरला चौदा सेकंद, म्हणजे दुप्पट वेग. मग बूम सोडला आणि धारेशी तीस अंशांचा कोन धरून तिरपा बांधला. पाच मीटरच्या नाल्याला दहा मीटर बूम लागला. डिझेल त्याच्या कडेने घसरत खालच्या काठाशी, संथ पाण्यात गोळा झालं, आणि तिथे पॅड टाकत गेलो. संध्याकाळी एक म्हातारे काकाजी काठावर वाकून पाण्याचा वास घेत होते. म्हणाले, “आता नाही येऊन राह्यला.”

आता बंदराकडून मागणी आली की आधी विचारतो : तेल कोणतं, पाण्यात किती तास झाले, धार किती. उत्तर जाड फर्नेस ऑइलचं असेल तर आमचा माल घेऊ नका असं सरळ सांगतो. वापरलेले पॅड उकिरड्यावर टाकता येत नाहीत, तो घातक कचरा आहे. ते परवानाधारकाकडेच द्यावेत, हे प्रत्येक पोत्यावर छापलेलं असतं.

फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कपाशीची, कवडी आम्ही फेब्रुवारीपासून घेतो. शेतकरी बांधवांनी कोरडी आणावी. पिवळी असली तरी चालेल, फक्त धुऊन आणू नये.