कंपायलरमध्ये अजून दुरुस्त करायला उरले आहे तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. नोकरीतले काम आटोपल्यावर संध्याकाळी मी एलएलव्हीएम या मुक्तस्रोत कंपायलर प्रकल्पासाठी (कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारे साधन) दुरुस्त्या पाठवते, हे कळले की पुण्यातले सहकारी, महाविद्यालयात बोलायला गेले की तिथले विद्यार्थी, आणि कधीकधी घरची माणसेही हाच प्रश्न विचारतात. जीसीसी हा दुसरा मुक्तस्रोत कंपायलर १९८७ पासून लोकांच्या हाती आहे, एलएलव्हीएमचे काम इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झाले, जगातले एवढे हुशार लोक त्यावर राबतात, तर मग एव्हाना त्यातल्या चुका संपायला नकोत का? दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्यासोबत दुरुस्त्यांची लांबलचक यादी येते, म्हणजे आधीची आवृत्ती कच्चीच होती का?

प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की या प्रकल्पातल्या महत्त्वाच्या चुका बहुतेक वेळा कुणाच्या निष्काळजीपणातून आलेल्या नसतात. कंपायलरचे दोन भाग असतात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकाच गोष्टीचा अर्थ दोघांनी वेगवेगळा धरलेला असतो. अशा ठिकाणी आधी तो अर्थ ठरवावा लागतो, कोडच्या ओळी त्यानंतर बदलतात, आणि अर्थ ठरवण्याच्या कामाला कधीकधी वर्षे लागतात.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण रस्ट भाषेचे आहे. रस्टमध्ये एखाद्या चलाचा बदलता संदर्भ तुमच्या हातात असेल, तर त्या वेळी त्या जागेकडे जाणारी दुसरी वाट कुणाकडेही नसते, अशी भाषेचीच हमी असते. ही हमी कंपायलरला फार मोलाची असते, कारण मग स्मृतीतली किंमत पुन्हापुन्हा वाचावी लागत नाही. रस्ट आपले कोड एलएलव्हीएमच्या अंतर्गत भाषेत उतरवताना ही हमी ‘नोएलियस’ या खुणेने कळवते. ही खूण एलएलव्हीएममध्ये आधीपासूनच होती, कारण सी भाषेतल्या ‘रिस्ट्रिक्ट’ या शब्दासाठी ती लागत असे. मात्र सी लिहिणारे लोक ‘रिस्ट्रिक्ट’ क्वचितच वापरतात. रस्टमध्ये जवळपास प्रत्येक फंक्शनवर ही खूण पडू लागली, आणि वर्षानुवर्षे कुणी फारसे न चाललेल्या वाटेवरचे खड्डे एकाएकी दिसू लागले.

त्यातला एक खड्डा असा होता. एखादे लहान फंक्शन लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आत उलगडून बसवले की त्याची ‘या दोन वाटा एका जागी जात नाहीत’ ही हमी लूपच्या आतल्या कोडला चिकटते. ती खरी असते, पण एका फेरीपुरतीच, कारण पुढच्या फेरीत तेच संदर्भ दुसऱ्या जागांकडे बोट दाखवत असू शकतात. त्यानंतर लूप उलगडणारा भाग येतो, लूपच्या अंगाच्या दोन-चार प्रती एकापुढे एक मांडतो आणि प्रत्येक प्रतीवर तीच हमी जशीच्या तशी ठेवतो. आता ती हमी पहिल्या फेरीतली वाट आणि दुसऱ्या फेरीतली वाट यांच्याबद्दलही बोलू लागते, आणि तिथे ती खोटी असते. हमी देणाऱ्याला ती एका फेरीपुरती वाटत होती, प्रत काढणाऱ्याला ती कोडला कायमची चिकटलेली वाटत होती, आणि त्या खुणेचा आवाका नेमका किती हे कुठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये रस्टला १.२९.२ ही खास आवृत्ती काढून ही खूण पाठवणे बंद करावे लागले, आणि असे करण्याची ती पहिली वेळही नव्हती. हाच दोष दाखवणारा छोटा सी प्रोग्रॅम लोकांनी तयार केला तेव्हा जीसीसीमध्येही तसाच घोटाळा आढळला, हे मला विशेष लक्षात ठेवण्यासारखे वाटते, कारण दोन स्वतंत्र चमूंनी एकाच ठिकाणी ठेच खाल्ली की दोष माणसांचा कमी आणि मांडणीचा जास्त, असे मी समजते.

एलएलव्हीएमच्या २०२१ मधील १२व्या आवृत्तीत जी दुरुस्ती आली ती मला फार सुंदर वाटते. हमी नेमकी कोणत्या ठिकाणी सुरू होते हे सांगणारी एक वेगळी घोषणा कोडमध्ये घालायचे ठरले. ती घोषणा लूपच्या आत असेल, तर प्रत काढणाऱ्याने प्रत्येक प्रतीसाठी हमीचीही नवी प्रत काढायची, आणि ती लूपच्या बाहेर असेल तर जुनीच चालू ठेवायची. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या रस्ट १.५४ पासून ही खूण पुन्हा पाठवली जाऊ लागली.

एलएलव्हीएमच्या त्याच १२व्या आवृत्तीत आणखी एक जुना गुंता सुटला. सी++ च्या २०११ च्या मानकानुसार, ज्या लूपचा बाहेर काहीही परिणाम दिसत नाही तो कधीतरी संपेल असे कंपायलरने गृहीत धरले तरी चालत असे. सी भाषेत मात्र ज्याची अट स्थिर आहे अशा लूपला हे गृहीतक लागू नव्हते, आणि रस्टमध्ये तर न संपणारा रिकामा लूप हा पूर्णपणे वैध कोड आहे. एलएलव्हीएमने सी++ चा नियम सर्वांनाच लावला होता. त्यामुळे रस्टमध्ये लिहिलेला न संपणारा लूप कधीकधी संपूर्णच पुसला जाई, आणि प्रोग्रॅम त्या फंक्शनच्या शेवटाबाहेर जाऊन शेजारी जे काही असेल ते चालवू लागे. ही तक्रार २०१५ साली नोंदवली गेली होती. दुरुस्ती म्हणून नियमाची दिशाच उलटी केली गेली. ज्या भाषेला ते गृहीतक हवे असेल तिने तशी खूण लावावी, आणि खूण नसेल तर लूप चिरंतन असू शकतो असे धरावे. पुढे २०२४ मध्ये सी++ च्या मानक समितीनेही रिकाम्या अनंत लूपपुरता आपला नियम मागे घेतला.

‘एवढी साधी गोष्ट सुटायला सहा वर्षे?’ असे यावर मला विचारले जाते. यामागचे कारण असे की एलएलव्हीएमचे काम करणाऱ्यांना कोणत्याही एका भाषेचा नियम मोडता येत नाही. या प्रकल्पाच्या खांद्यावर सी, सी++, रस्ट, स्विफ्ट, जूलिया आणि फोरट्रान अशा कितीतरी भाषा बसलेल्या आहेत, आणि एकीसाठी गृहीतक काढले की दुसरीचे कोड मंद होते. म्हणून आधी सर्वांना मान्य होईल अशी परिभाषा लिहावी लागते, मग त्या गृहीतकावर विसंबलेले प्रत्येक ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारे रूपांतर, शोधून तपासावे लागते, आणि मगच बदल करता येतो.

अलीकडच्या दुरुस्त्यांपैकी १२८ बिटांच्या पूर्णांकाची कथा मला सांगावीशी वाटते, कारण ती ऐकून लोकांचा विश्वासच बसत नाही. एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी जो करार ठरलेला आहे, त्यानुसार सोळा बाइटांचा हा पूर्णांक स्मृतीत सोळाने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवायचा असतो. जीसीसी तसेच करी, आणि एलएलव्हीएमवर आधारलेला क्लँगही सी भाषेपुरती ती काळजी स्वतः घेई. पण खुद्द एलएलव्हीएमच्या पोटातल्या वर्णनात आठ हा आकडा होता, आणि रस्ट तो आकडा तिथूनच उचलत असे. त्यामुळे आठ बाइटांचे एक क्षेत्र आणि त्यामागे १२८ बिटांचा पूर्णांक अशी रचना केली, तर सी तो पूर्णांक सोळाव्या बाइटपासून वाची आणि रस्ट आठव्यापासून. दोघांनी एकमेकांना अशी रचना दिली की समोरच्याच्या हाती भलतीच संख्या पडे. दोष ठाऊक असूनही तो आकडा सहजी बदलता येत नव्हता, कारण त्यावर आधी तयार झालेल्या फाइलींचा अर्थही बदलला असता. अखेर मार्च २०२४ मध्ये आलेल्या एलएलव्हीएमच्या १८व्या आवृत्तीत तो सोळा झाला, जुन्या फाइली वाचताना त्यांचे वर्णन आपोआप सुधारून घेण्याची सोयही केली गेली, आणि रस्टने त्याच महिन्यात १.७७ पासून हा बदल स्वीकारला.

१९व्या आवृत्तीतला एक बदल बाहेरून दिसत नाही, पण आतल्या माणसांना त्याने मोठा दिलासा दिला. डीबगरला, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधले दोष शोधायच्या साधनाला, ‘हा चल आता या जागी आहे’ हे सांगणारी माहिती पूर्वी खऱ्या आज्ञांच्या रांगेतच आज्ञेसारखी उभी केलेली असे. एखादे ऑप्टिमायझेशन ‘या भागात किती आज्ञा आहेत’ असे मोजू लागले, किंवा ‘पुढची आज्ञा कोणती’ असे पाहू लागले, की त्याने या खोट्या आज्ञा वगळायला हव्यात. एका ठिकाणी जरी तसे करायचे राहिले, तरी डीबग माहितीसह आणि तिच्याविना तयार केलेले प्रोग्रॅम निराळे निघत. ज्याने मध्यरात्री प्रत्यक्ष वापरातला दोष शोधण्यासाठी डीबग माहिती चालू केली आणि त्याच क्षणी दोष गायब झालेला पाहिला, त्यालाच याचे महत्त्व कळेल. आता ही माहिती रांगेतून काढून शेजारी वेगळ्या नोंदींत ठेवली जाते, त्यामुळे वगळायचे विसरण्याची शक्यताच राहत नाही.

चुका सापडतात कशा, हेही विचारले जाते. काही चुका वापरणारे कळवतात. खरे सांगायचे तर ‘कंपायलर चुकला’ अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींत चूक त्या प्रोग्रॅममध्येच निघते, म्हणजे भाषेने ज्याचा अर्थच सांगितलेला नाही असे काही त्यात लिहिलेले असते. तरीही प्रत्येक तक्रार नीट वाचावी असे मला मनापासून वाटते, कारण ज्यांची तक्रार खरी असते त्यांनी बहुधा आपल्याच कोडवर संशय घेत कित्येक दिवस घालवलेले असतात. दुसरा मार्ग म्हणजे यंत्राकडून चुका शोधून घेणे. युटा विद्यापीठातल्या चमूने सीस्मिथ नावाचे साधन लिहिले. भाषेने अर्थ न सांगितलेली एकही जागा ज्यांत नाही असे सी प्रोग्रॅम ते यादृच्छिकपणे तयार करते, आणि मग वेगवेगळ्या कंपायलरांची उत्तरे जुळतात का ते पाहायचे असते. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की तीन वर्षांत ३२५ हून अधिक नव्या चुका सापडल्या, आणि त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कंपायलरने कधी ना कधी मुकाट्याने चुकीचे कोड तयार केले होते.

तिसरा मार्ग सिद्धतेचा आहे, आणि माझी पहिली दुरुस्ती त्यामुळेच मार्गी लागली. एलएलव्हीएममध्ये बेरजेवर ‘ही बेरीज मर्यादेबाहेर जात नाही’ अशी खूण असू शकते. बेरजांचा क्रम बदलताना ती खूण ठेवायची की काढायची, असा प्रश्न होता. मी ठेवली होती, आणि मला ते उघड बरोबर वाटत होते. रिव्ह्यू करणाऱ्यांनी अलाइव्ह२ हे रूपांतराची बरोबरी सिद्ध करू पाहणारे साधन चालवून पाहायला सांगितले, आणि त्याने क्षणात प्रतिउदाहरण समोर ठेवले. आठ बिटांत मर्यादा १२७ पर्यंत असते. उणे १०० अधिक १००, आणि त्यात आणखी १००, हे डावीकडून मोजले तर कुठेच मर्यादा ओलांडली जात नाही, पण शेवटचे दोन आकडे आधी मिळवले तर २०० होतात. माझ्या बदलाने खऱ्या बेरजेवर खोटी हमी चिकटवली असती. याच साधनाच्या पूर्वावताराने २०१५ मध्ये एलएलव्हीएममधली तीनशेहून अधिक रूपांतरे तपासली होती आणि त्यांतली आठ चुकीची ठरवली होती. ती रूपांतरे अनुभवी लोकांनी लिहिलेली आणि अनुभवी लोकांनीच तपासलेली होती.

आपल्याकडचे लोक या कामात कुठे आहेत, असे विद्यार्थी हमखास विचारतात. एलएलव्हीएमच्या दोन मूळ कर्त्यांपैकी विक्रम आडवे हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी आहेत, आणि त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीचे अंतरंग उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा कितीतरी वर्षे घेतल्या. एवढा मोठा कोड वाचायला कुठून सुरुवात करायची, ही भीती घालवणारे शिक्षक मिळणे दुर्मीळ असते. मला वाटते, आपल्या महाविद्यालयांत कंपायलर हा विषय अजून व्याकरण आणि पार्सिंगपाशीच संपतो, आणि वर सांगितलेले अर्थाचे प्रश्न तिथे क्वचितच पोहोचतात. हे बदलायला हवे.

सुरुवात करू पाहणाऱ्यांना मी मोठे ऑप्टिमायझेशन लिहायला सांगत नाही. एखादी उघडी तक्रार घ्या, तिच्यासोबतचा प्रोग्रॅम काटछाट करून लहान करा, आणि दोष अजून दिसतो का ते दर पावलाला पाहत राहा. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने सुमारे चारशे ओळींचा प्रोग्रॅम अकरा ओळींवर आणला. दुरुस्ती दुसऱ्याच कुणीतरी लिहिली, पण त्या अकरा ओळी चाचणी म्हणून प्रकल्पात दाखल झाल्या, आणि आता कुणीही त्या भागाला हात लावला की त्या चालवल्या जातात.