एबीजी सुंदर, पेशंट मशीनवरच

"बाबांना मशीनची सवय लागलीय का हो?" आयसीयूच्या दारात मुलीने विचारलं. आत ट्रायल, म्हणजे व्हेंटिलेटरची मदत कमी करून पेशंट स्वतः श्वास घेऊ शकतो का हे बघणं, नुकतीच थांबवली होती. मशीनची मदत अगदी कमी: श्वास घेताना प्रेशर सपोर्ट ७, श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब (पीप) ५. बाराव्या मिनिटाला श्वासाचा दर ३८, एका श्वासातली हवा (टायडल व्हॉल्यूम) २४० मिली. दराला लिटरमधल्या या हवेने भागलं की १५८. हा आकडा १०५ च्या वर गेला की ट्यूब काढायची घाई नको.

माझी नजर मात्र आदल्या दिवसांच्या एबीजीवर (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) अडकली. सीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ३८, अगदी नॉर्मल! सगळे खूश.

सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) या माणसाचा घरचा, म्हणजे नेहमीचा, सीओटू ५८. मशीनने तो ३८ वर आणून ठेवला की दोन-तीन दिवसांत किडनी आम्ल सावरण्यासाठी साठवलेलं बायकार्बोनेट टाकून देते. मग ट्रायलमध्ये सीओटू पुन्हा वर जातो आणि पीएच घसरतो, म्हणजे रक्त आम्लधर्मी होतं, कारण सावरायला काही उरलेलंच नसतं. इथे पीएच बघून मशीन लावायचं असतं, सीओटू बघून नाही.

मशीन न सुटण्यामागचे बाकीचे संशयित नेहमीचेच. पूर्ण कंट्रोल मोडवर (सगळा श्वास मशीनच देतं) आळसावलेला डायफ्राम, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, फॉस्फेट कमी, अंगात साचलेलं पाणी. आणि हृदय: पॉझिटिव्ह प्रेशर काढताच रक्ताचा परतीचा ओघ वाढतो, हृदयाचा कमजोर डावा कप्पा (व्हेंट्रिकल) तो पेलत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. ट्रायलमध्ये बीपी उसळलं तर आधी हृदयाचा विचार करा.

आता रात्रभर पुरेसा सपोर्ट, उद्या पुन्हा ट्रायल. पण सेडेशन (गुंगीचं औषध) पहाटेच बंद हवं, राऊंड सुरू झाल्यावर नाही.

तुमच्या युनिटमध्ये ते किती वाजता बंद होतं?