चंद्रकेतूचं रत्नसारपूर

विदर्भाला समुद्र नाही. वर्धा-वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळतं, पूर्णेचं तापीला, आणि पुढचं आपण भूगोलात वाचतो. वैनगंगेकाठी नाव म्हणजे डोंगा. तरी समुद्रकाठचं एक शहर इथल्या सपरीसपरीत, म्हणजे ओसरीओसरीत, कानावर पडतं: रत्नसारपूर. सत्यनारायणाच्या पोथीत तिसऱ्या अध्यायात साधुवाणी जावयाला घेऊन तिथं व्यापाराला जातो. शहर रम्य होतं, यापलीकडं पोथी काही सांगत नाही. धक्का कुठं, जकात किती, कशाचा पत्ता नाही. पण कापसाच्या हंगामात बाजार समितीबाहेरची गाड्यांची रांग पाहिलेल्याला भरलेलं बंदर समजावून सांगावं लागत नाही.

राजा चंद्रकेतू मात्र कानाचा हलका. चोर त्याचं धन पळवतात आणि शिपाई मागे लागल्यावर वाण्याच्या बिऱ्हाडापाशी टाकून पसार होतात. राजा एक प्रश्न न विचारता सासरे-जावयाला कैदेत टाकतो, मालही जप्त. पुढं स्वप्नात देव दटावतो, तेव्हा दोघांना सोडून दुप्पट धन देतो. दुप्पट द्यायला तिजोरी तशी लागते. शहराच्या श्रीमंतीचा पोथीतला भक्कम पुरावा हाच.

तिसरा अध्याय लांब, म्हणून चुलीपाशी प्रसादाचा शिरा करायला सोयीचा. दुसरा संपत आला की रवा तुपात पडलाच पाहिजे. माप सव्वाचं: सव्वा किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, दूध चारेक लिटर, पिकलेली केळी. आच मंद. सराटा, म्हणजे उलथनं, थांबला की तळाचा रवा करपतो आणि तो वास सगळ्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, लागतो. रवा गुलाबीसर झाला, तूप सुटलं की केळ्याच्या चकत्या टाकायच्या. आधीच चिरून ठेवल्या तर काळ्या पडतात. दूध उकळतंच हवं, गार दुधानं गुठळ्या होतात. साखर रवा फुलल्यावरच, नाहीतर ती पाणी ओढून घेते आणि कण आत टणक राहतो. ही घाई सगळ्यात जास्त नडते.

पहिल्या अध्यायात सवलतही आहे: गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं, साखर नसेल तर गूळ. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पहिली सवलत कामाची. दुसरी जपून घ्यावी. उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटण्याची भीती, म्हणून गंज खाली उतरवून मग गूळ.

चौथ्या अध्यायात वाण्याची मुलगी कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नाव बुडते. त्यामुळं प्रसाद न घेता उठणाऱ्याला अंगणातून परत बोलावतात. पळसाच्या द्रोणात शिरा कोमट झाल्यावरच घालावा. कढत घातला तर काडी टोचलेल्या जागेतून तूप गळतं आणि धोतराला डाग पडतो.