तुम्ही विचारलंत म्हणून: तो तक्ता छापत का नाही?

लग्नकार्यात भेटा, बँकेतल्या जुन्या मंडळींच्या जेवणाला भेटा, कुणीतरी विचारतंच: "ताई, सिंधू लिपीचा तुमचा तो तक्ता पुरा झाला ना? मग छापत का नाही?" २०२५च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारने ही लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हापासून फोनही येतात. "बघू" म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

तक्ता आहे. अकरा वह्या आहेत. डावीकडे मोहेंजोदडो-हडप्पाच्या मुद्रांवरचं चिन्ह, पुढच्या रकान्यांत त्याच्यासारखी दिसणारी सुमेर, एलाम, क्रीट अशा परदेशी प्राचीन संस्कृतींची चिन्हं, शेवटी अशोकाच्या लेखांतलं ब्राह्मी अक्षर आणि मी ठरवलेला उच्चार. बँकेत माझं निम्मं आयुष्य सह्या जुळवण्यात गेलं. नमुना सहीचं कार्ड आणि चेक शेजारी धरायचे, फराटा कुठे वळतो, कुठे तुटतो ते पाहायचं. डोळा तयार झाला होता. तोच डोळा इथेही चालेल असं मला वाटलं.

यात खुळेपणा नव्हता, हे मी आजही म्हणते. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७मध्ये ब्राह्मी वाचली ती साम्य बघूनच. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने 'दानं' ओळखलं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात बसून इतिहास-संशोधक फादर हेरास यांनी मुद्रेवरच्या माशाला 'मीन' म्हटलं, कारण द्राविडी भाषांत मीन म्हणजे मासा आणि मीन म्हणजे ताराही. पहिल्यांदा हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

मग मी वह्या घेऊन माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे गेले. सर तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी तक्ता आठवडाभर ठेवून घेतला आणि परत देताना कागदाच्या पाच पट्ट्या हातात दिल्या. प्रत्येकीवर पाच-सहा चिन्हं. म्हणाले, "तुझ्या तक्त्याने वाचून आण."

दोन दिवसांत पाचही वाचल्या. एकीवर व्यापाऱ्याचं नाव निघालं, एकीवर धान्याचं माप, एकीवर चक्क देवतेचं नाव. व्याकरणासकट. मी पेढे घेऊन गेले.

सरांनी दुसरा कागद पुढे सरकवला. पहिली पट्टी मोहेंजोदडोच्या मुद्रेवरची, खरी. दुसरी तीच, उलट क्रमाने लिहिलेली. तिसरी आणि चौथी त्यांच्या सहावीतल्या नातीने डब्यातून चिठ्ठ्या उचलून लावलेल्या. पाचवी सिंधूची नव्हतीच. पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाच्या रोंगोरोंगो लिपीची चिन्हं होती ती, १९३२मध्ये हेवेशी नावाच्या अभ्यासकाने सिंधूच्या चिन्हांशेजारी मांडलेल्यांपैकी. दोन्हींमध्ये अर्धी पृथ्वी आणि हजारो वर्षं. हेवेशीच्या त्या तुलनेला मी स्वतःच्या वहीत 'भाबडी' असा शेरा मारला होता. आणि तीच चिन्हं वाचून मी देवतेचं नाव काढलं होतं.

"पाचही वाचलीस," सर म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. मी वाद घातला. खरी पट्टी तरी बरोबर वाचली असेल ना, म्हटलं. सर म्हणाले, "असेल. पण तुझ्या तक्त्याला ती बाकीच्या चारांपासून वेगळी कळली का?" नातीने पेढ्यांचा पुडा उघडला, मला एक दिला. तो हातातच राहिला. त्यानंतर आठ महिने मी वह्यांना हात लावला नाही.

घरी बसून हळूहळू कळलं काय झालं होतं ते. घड्याचं चिन्ह घ्या. जवळपास दर दहा चिन्हांतलं एक तेच, आणि बहुतेक वेळा लेखाच्या शेवटी. त्याला मी शेवटी एक उच्चार देत होते, मध्ये आलं की दुसरा. स्वर गरजेनुसार घालत होते. मासा आला की द्राविडी, बाकी सगळं संस्कृत. लेख सरासरी पाच चिन्हांचे. एवढी मोकळीक घेतली तर कुठल्याही पाच चिन्हांतून शब्द निघतो. सही जुळवताना खातं कुणाचं ते कार्डावर लिहिलेलं असायचं. इथे नाव माहीत नाही, भाषाही माहीत नाही. शेवटच्या मुद्रा आणि अशोकाचे लेख यांच्यात सोळाशे वर्षांची पोकळी, ती मी एका रकान्याच्या रेघेने ओलांडली होती.

तरीही सरांचं सगळं मला पटलेलं नाही. क्रीट बेटावरची लिनिअर बी ही प्राचीन लिपी घ्या. तिथे उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्सला मातीच्या एका पाटीवर घोड्यांची चित्रं दिसली, शिंगरांपाशी दोन चिन्हं. सायप्रसच्या लिपीशी ताडली तर उच्चार 'पो-लो', आणि ग्रीकमध्ये शिंगराला 'पोलोस'. इव्हान्सने ते बाजूला सारलं, कारण तिथली भाषा ग्रीक नाहीच अशी त्याची खात्री होती. १९५२मध्ये ही लिपी उलगडणाऱ्या मायकेल व्हेंट्रिसने ती ग्रीकच ठरवली. साम्य खरं होतं! पण हेही खरं, की सायप्रसशी मोजकीच चिन्हं जुळली, आणि वाट मोकळी केली ती अ‍ॅलिस कोबर या अमेरिकन अभ्यासक बाईने. उच्चारांच्या मागे न लागता शब्दांचे शेवट कसे बदलतात हे ती नोंदत राहिली, चिठ्ठ्या सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत ठेवून. चिठ्ठ्या तिच्याकडेही होत्या, सरांकडेही होत्या. माझ्याकडे फक्त तक्ता होता.

म्हणून छापत नाही. उच्चारांचा रकाना पुसून टाकलाय. आता मोजते: कुठल्या चिन्हानंतर कुठलं येतं, सुरुवातीला कुठलं, शेवटी कुठलं. ज्यांना वाटतं मी हरले म्हणून गप्प आहे, त्यांनी घरी येऊन या नव्या वह्या पाहाव्यात.

माशाची ओळ मात्र तशीच आहे. दोनदा खोडरबर हातात घेतलं. नातीच्या चिठ्ठ्यांतही एक मासा आला होता, आणि तिथेही मी 'तारा' असंच वाचलं होतं. तेवढ्याने हेरास यांचा मीन खोटा ठरतो का, हे सरांना विचारायचं राहून गेलं. सर आता नाहीत.