नोंद झाली, पण कुठे?

आमच्या इन्व्हॉइसच्या जावास्क्रिप्ट अ‍ॅप्लिकेशनला प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोडता येणाऱ्या सुट्या भागांची, सोय करायची असे ठरले, त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. प्रत्येक ग्राहकाची एखादी खास मागणी असे, ती पुरवण्यासाठी मूळ कोडमध्ये ‘ग्राहक अमुक असेल तर’ अशी आणखी एक अट घातली जाई आणि त्या अटींनी एक फाइल इतकी फुगली होती की तिला हात लावायला कोणी धजावत नसे. म्हणून गाभ्याचे, म्हणजे सगळ्यांना समान असलेल्या कोडचे, वेगळे एनपीएम पॅकेज केले (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणारे साधन), ठरावीक टप्प्यांवर हुक, म्हणजे प्लगइनचा कोड जोडायच्या जागा, ठेवले आणि ग्राहकागणिक बदलणारे सगळे काही प्लगइनमध्ये हलवले.

त्यांपैकी रक्कम अक्षरी लिहिणारे प्लगइन माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे एखाद्या नियमात बसवून तयार करता येत नाहीत. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असे सगळे शब्द हाताने लिहून काढून, तपासून त्यांची यादी ठेवावी लागते. हे काम कंपनीत पुन्हा कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी तरी ते सुटे असणे आवश्यक होते.

पुढे पगारपत्रके काढणाऱ्या टीमने ते आपल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये बसवले, तेव्हा अक्षरी रकमेची ओळ कोरी छापली जाऊ लागली. कन्सोलवर एरर नाही, साधी वॉर्निंगही नाही. ‘तो कोड सरळ कॉपी करून घ्या आणि विषय संपवा’ असा सल्ला वरून आलाच. आपल्याकडे असा सल्ला देणाऱ्याला त्या कॉपीची देखभाल सहसा करावी लागत नाही.

मी गाभ्याची रजिस्ट्री, म्हणजे जोडलेल्या प्लगइनची नोंद ठेवणारा एक साधा मॅप, दोन ठिकाणांहून छापून पाहिली. प्लगइनच्या फाइलमधून तिचा आकार 1 दिसत होता, तर अ‍ॅप्लिकेशनच्या फाइलमधून 0. नोंद झाली होती, फक्त ती दुसऱ्याच रजिस्ट्रीत झाली होती. बसवलेली पॅकेजे दाखवणारी ‘एनपीएम एलएस’ ही आज्ञा चालवल्यावर पॅकेजांच्या झाडात गाभा दोनदा दिसला: वर 2 क्रमांकाची मेजर आवृत्ती (मेजर म्हणजे जुनीशी न जुळणारे बदल असलेली) आणि प्लगइनच्या स्वतःच्या नोड-मॉड्यूल्स या पॅकेजांच्या फोल्डरच्या आत 1 क्रमांकाची. प्लगइनच्या पॅकेज फाइलमध्ये गाभा साध्या डिपेंडन्सीत, म्हणजे प्लगइनसोबत बसवायच्या पॅकेजांच्या यादीत, लिहिलेला होता. इन्व्हॉइसचे अ‍ॅप्लिकेशन पहिल्याच आवृत्तीवर असल्याने तिथे दोघांना मिळून एकच प्रत पुरत होती. पगारपत्रकांचे अ‍ॅप्लिकेशन नवे आणि म्हणून दुसऱ्या आवृत्तीवर असल्याने एनपीएमने प्लगइनसाठी जुनी प्रत निमूटपणे वेगळी बसवली. मॉड्यूलची ओळख त्याच्या फाइलच्या मार्गावरून ठरते, त्यामुळे दोन मार्ग म्हणजे दोन मॉड्यूल आणि दोन मॅप. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळात पानावर जेक्वेरी दोनदा लोड झाली की असाच घोळ होई, पण तेव्हा निदान ‘हे फंक्शन नाही’ अशी ओरड तरी ऐकू येत असे.

गाभा पीअर डिपेंडन्सीत, म्हणजे ‘वापरणाऱ्याकडे असलेलीच प्रत चालेल’ असे सांगणाऱ्या यादीत, हलवल्यावर निम्मे काम झाले. एनपीएमच्या 3 ते 6 या आवृत्त्या अशा विसंगतीवर केवळ वॉर्निंग देत. 7 पासून मात्र इन्स्टॉलच अडते आणि मला तेच हवे होते. उरलेले निम्मे काम म्हणजे प्लगइनने गाभा इम्पोर्टच न करणे. आता प्लगइन हे केवळ एक फंक्शन आहे. अ‍ॅप्लिकेशन ते स्वतः बोलावते आणि त्याच्या हातात एक छोटा ऑब्जेक्ट देते. त्यात हुक, लॉगर आणि सेटिंग्ज एवढेच असते. ‘संपूर्ण अ‍ॅपच द्या, पुढे लागेल’ असा आग्रह एका सहकाऱ्याने धरला होता. मी तो मानला नाही, कारण एकदा दिलेली गोष्ट परत घ्यायची म्हटले की मेजर आवृत्ती काढावी लागते.

मात्र प्लगइन चालण्याच्या क्रमाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. राउंड-ऑफचे प्लगइन अक्षरी रकमेच्या आधी चालले नाही, तर आकड्यात 1,18,000 आणि अक्षरात ‘एक लाख सतरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये साठ पैसे’ असे बीजक ग्राहकाच्या हातात पडते. वेबपॅक या जावास्क्रिप्ट फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाच्या मागे असलेल्या टेपेबल या हुकच्या लायब्ररीत क्रम ठरवणारा ‘स्टेज’ हा आकडा देता येतो आणि ‘बिफोर’ म्हणून दुसऱ्याचे नावही सांगता येते. आकडे दिले की प्रत्येक जण आपल्या प्लगइनला 999 देतो, हे आम्ही पाहिले आहे. नाव सांगायचे, तर अक्षरी रकमेच्या प्लगइनला राउंड-ऑफची माहिती असावी लागते आणि पगारपत्रकांत राउंड-ऑफ मुळातच नाही. सध्या हा क्रम प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये स्वतः लिहिते आणि नव्या प्लगइनची ओळ कुठे घालायची यावर प्रत्येक रिव्ह्यूत वाद होतो.