तुम्ही विचारलंत म्हणून: ही जुनी फियाट अजून का चालवतो?

घरात नवी गाडी असताना १९७८ सालची फियाट अजून का चालवता, हा प्रश्न आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो. परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली आणि तिचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. त्यामुळे पुण्यात तिला फियाटच म्हणतात. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली डाव्या हाताशी. वडिलांनी नोंदणी करून, बरीच वाट पाहून ती घेतली होती.

सकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनाला पेट्रोलचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण देणारी कळ, ओढून इंजिन सुरू केले, की ते तापत जाते तसा त्याचा आवाज बदलतो, आणि चोक कधी आत ढकलायचा हे त्या आवाजावरूनच ठरवावे लागते. ठिणगी योग्य वेळी पडावी म्हणून उघडझाप करणाऱ्या सीबी पॉइंटमधले अंतर किंचित बिघडले तरी गाडी चढावर मिस मारू लागते, म्हणजे अडखळते, आणि मला ते पहिल्या शंभर पावलांत कळते. नव्या गाडीत ही सगळी देखरेख संगणक करतो, आणि उत्तम करतो. पण ती मी स्वतः करावी, यातच माझा आनंद आहे.

पुण्याहून सासवडला जाताना लागणाऱ्या दिवे घाटाचे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात ट्रकमागून सावकाश चढताना इंजिनाला वारा मिळत नाही. इंजिनाला जोडलेला पेट्रोलपंप इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला इंधन पोहोचत नाही आणि गाडी बंद पडते. अशा वेळी बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा निघायचे. ते फडके आणि पाण्याची बाटली गाडीत कायम असते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सतत दाबल्यावर तापून त्यांची पकड कमी होते, त्यामुळे उतारावर पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवून, खालच्या गिअरमध्येच यावे लागते. रस्ता असा पुढचा विचार करून पाहण्याची सवय मला याच गाडीने लावली.

सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, आणि तिथे नसेल ते बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात शोधायचे. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी काळजी इंधनाची वाटते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने खराब होते, म्हणून गेल्या वर्षी इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घेतला.

येत्या रविवारी सासवडला जाणार आहे. पहाटे साडेपाचला खाली या. चोक तुम्हीच ओढा.