आठवड्याची एक गोळी आणि माझे सांधे

संधिवात म्हणजे म्हातारपणी गुडघे झिजतात तोच, असं आमच्या देवगड साइडला अजून बरेच जण धरून चालतात. मला आहे तो रुमेटॉइड. ह्यात आपलीच इम्युनिटी आपल्या सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि मग कूर्चा, हाड पोखरायला लागतं, आणि हा तरण्या बायकांनाही होतो, पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त.

सकाळचं आखडणं म्हणजे काय ते विळीवर नारळ खवायला बसलं की कळतं. भकल धरायला अंगठा वळत नाही, मनगट फिरत नाही, बोटांची मधली पेरं फुगून गरम लागतात, आणि हे सगळं तासभर तरी चालतं. झिजेच्या दुखण्यात सकाळी अर्ध्या तासात मोकळं होतं आणि काम केलं की दुखतं, ह्यात उलट, हात चालता झाला की बरं वाटतं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "वातच तो गो, निरगुडीचो पालो बांध आणि आंबट खाव नको." शेकाने बरं वाटतं, मी अजून घेते, पण आतली सूज त्याने थांबत नाही. सोलकढी मात्र मी सोडलेली नाही.

सूज थांबवतं ते मेथोट्रेक्सेट. कॅन्सरची गोळी म्हणून लोक घाबरतात, पण इथे डोस फार कमी असतो. ती ज्यांच्या टीमने अमेरिकेत तयार केली ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले, भीमावरमचे! १९५१ मध्येच त्याच जातीच्या औषधाने सांधे सुधारल्याचं डॉक्टरांनी लिहिलं होतं, पण तेव्हा सगळ्यांना कॉर्टिसोन ह्या स्टेरॉइडचं वेड, त्याच्या शोधाला १९५० चं नोबेल मिळालेलं, त्यामुळे अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला संधिवातासाठी मान्यता मिळायला १९८८ उजाडलं. मधल्या काळातल्या किती बायकांची बोटं वाकडी झाली असतील, ह्याचा मला खरंच राग येतो.

पुढे लंडनला फेल्डमन आणि मैनी ह्या संशोधकांनी पेशंटच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या, त्यातला टीएनएफ नावाचा एकच निरोप्या अडवला तर सूज वाढवणारे बाकीचे निरोपेही गप्प झाले, आणि १९९२ मध्ये टीएनएफ अडवणारं औषध पेशंटना देऊन बघितलं. आजची महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं त्यातूनच आली.

गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, चुकूनही रोज नाही, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि लिव्हरच्या, रक्ताच्या टेस्ट डॉक्टर सांगतील तेव्हा करायच्याच. दिवस राहायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

बोटांची सूज सहा आठवडे हटली नाही तर कोल्हापूर, गोवा, जमेल तिथे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा स्पेशालिस्ट, गाठा, लवकर सुरू केलेलं औषध हाड वाचवतं. आणि रक्ताच्या टेस्टमध्ये आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून घरी बसू नका, अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी टेस्ट पण करा, दोन्ही निगेटिव्ह असूनही हा आजार असू शकतो.